वाटेवर कुठे थांबावे?

मागच्या एकतीस डिसेंबरला आम्ही घरची पाच माणसे नेवासे तालुक्यातून कोरेगाव भीमाला निघालो. गाडी धाकट्या भावाची, जुनी घेतलेली. मागच्या काचेवर निळ्या अक्षरांत 'जय भीम'. नगर ओलांडले, केडगाव मागे पडले आणि आईने चहाचे नाव काढले. पुढच्या सीटवरून वडील म्हणाले, "इथं नको. म्होरं बघू." कामरगाव गेले, सुपे आले. चांगली उजेडाची, गर्दीची हॉटेले होती. "इथंबी नको." भाऊ चिडला. म्हणाला, "बाबा, आता कोण विचारतंय?" वडील काही बोलले नाहीत. त्यांनी तीस वर्षे ट्रक चालवला आहे. कोणत्या फाट्यावर गाडी लावायची, कुठे नुसते डिझेल घ्यायचे आणि जेवायला मात्र पुढे जायचे, कुठे तांब्याभर पाणीसुद्धा मागायचे नाही, याचा एक नकाशा त्यांच्या डोक्यात आहे. तो त्यांनी कधी कागदावर काढला नाही आणि त्याची कारणेही आम्हा मुलांना कधी सांगितली नाहीत.

मी महाविद्यालयात इतिहास शिकवते. घरात पदवी घेतलेली मी पहिलीच. आमच्या अभ्यासक्रमात रस्ते येतात. शेरशहाचा रस्ता येतो, इंग्रजांनी खडी टाकून केलेले रस्ते येतात, रेल्वे येते. रस्ता कोणी बांधला हे विद्यार्थी पाठ करतात. पण त्या रस्त्यावरून जाताना कोणाला कुठे बसता आले, कोणाला पाणी मिळाले आणि कोणाला मिळाले नाही, हा प्रश्न परीक्षेत कधी येत नाही. वडिलांच्या त्या "इथं नको" या दोन शब्दांना इतिहास आहे, आणि तो मांडता येण्याजोगा आहे, असे मला त्या रात्री वाटले. म्हणून हे लिहिते आहे.

आधी एक विसंगती ध्यानात घेतली पाहिजे. गावगाड्यात रस्ता हे महाराचेच काम होते. अंमलदार गावात आला की त्याचे सामान पुढच्या गावाच्या शिवेपर्यंत पोहोचवायचे, वाटाड्या म्हणून पुढे चालायचे, वसुलाचा पैसा आणि कागद तालुक्याला न्यायचे, मयताचा सांगावा घेऊन परगावी धावायचे, रात्री वेशीवर जागायचे. इंग्रजांनी १८७४ च्या वतन कायद्याने या वंशपरंपरेच्या कामांना कायद्याची चौकट दिली, आणि बाबासाहेबांनी महारवतनाविरुद्ध आयुष्यभर लढा दिला तरी ते कायद्याने खालसा व्हायला १९५८ साल उजाडावे लागले. माझा आजा तोवर येसकरकी करत होता. तीन तालुक्यांतल्या पायवाटा त्याला डोळे मिटून ठाऊक. पण पाटलाचा कागद घेऊन तो तालुक्याच्या गावी गेला, की कचेरीबाहेरच्या झाडाखाली बसे. भाकरी फडक्यात बांधलेली असे. ती खायची तर पाणी हवे, आणि पाण्यासाठी तिथल्या महारवाड्यापर्यंत चालत जायचे. वाटेवर पाणपोई होती. पण तिथला माणूस रांजणातले पाणी नळीने वरून ओंजळीत सोडी, आणि तेही त्याच्या मर्जीवर. आजी सांगे, "तुझा आजा पाणपोईपशी कधी थांबला न्हाई. तहान मारायचा, पर ओंजळ करायचा न्हाई." हा आज्याचा स्वाभिमान होता की सवय, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

पाणपोई, विहीर, धर्मशाळा हे जुन्या वाटेवरचे मुख्य आधार. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळाने सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर केला. सार्वजनिक पैशातून बांधलेले पाणवठे, विहिरी, शाळा, दवाखाने, कोर्टकचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या कराव्यात असा तो ठराव. महाडच्या सत्याग्रहाची पूर्वपीठिका म्हणून आपण त्यातल्या पाणवठ्यांवर बोलतो, आणि ते योग्यच आहे. पण त्याच यादीत 'धर्मशाळा' हा शब्द आहे, त्याकडे आपले फारसे लक्ष गेलेले नाही. जो दरवाजा उघडाच आहे तो उघडावा असा ठराव कोणी मांडत नाही. रात्री वाटेत अंधार पडला तर आपल्या माणसाला धर्मशाळेच्या ओसरीवर अंग टाकता येत नव्हते, याचा तो सरकारी पुरावाच आहे.

आमच्या जिल्ह्याच्या संदर्भात ही गोष्ट अधिकच टोचते. अहिल्याबाई होळकरांचा जन्म जामखेड तालुक्यातल्या चौंडीचा. हिंदुस्थानभर त्यांनी बांधलेल्या विहिरी, घाट आणि धर्मशाळा यांसाठी त्यांचे नाव घेतले जाते. २०२४ मध्ये जिल्ह्याला त्यांचेच नाव दिले गेले. म्हणजे वाटसरूची सोय केली म्हणून लोकांच्या ध्यानात राहिलेल्या एका बाईचे नाव आता आमच्या जिल्ह्याला आहे. नाव चांगले आहे. पण वाटसरू म्हणजे कोण, हा प्रश्न त्या काळाला विचारल्याशिवाय मला ते नाव वर्गात नुसते उच्चारता येत नाही.

वाटेवरच्या अस्पृश्याची सर्वांत तपशीलवार हकिकत बाबासाहेबांनीच लिहून ठेवली आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे त्यांचे टिपण त्यांच्या हयातीत छापले गेले नाही. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते १९९० मध्ये पुस्तिकेच्या रूपात काढले. त्यातली पहिली हकिकत १९०१ ची. सातारहून वडिलांकडे गोरेगावला निघालेली घरातली मुले मसूर स्टेशनवर उतरतात. अंगावर चांगले कपडे. स्टेशनमास्तर आपुलकीने चौकशी करतो, कोण कुठले विचारतो. महार असे उत्तर येताच त्याचा चेहरा बदलतो. बैलगाडीवाले दुप्पट भाडे घेऊनही गाडी हाकायला तयार होत नाहीत. शेवटी मुलांनीच गाडी हाकायची आणि मालकाने बरोबर चालायचे, असे ठरते. डबा भरलेला आहे, पण पाणी नाही. रात्री ते टोलनाक्यावर पोहोचतात. आपण मुसलमान आहोत असे सांगून पाणी मागून पाहतात. नाकेदार देत नाही. भरला डबा तसाच ठेवून मुले उपाशी झोपतात.

ही हकिकत सर्वांना ठाऊक आहे. तिच्यातल्या एका गोष्टीकडे मात्र मी लक्ष वेधते. स्टेशनमास्तर विचारीपर्यंत ही मुले त्याच्या लेखी भल्या घरची होती. त्यांच्या चेहऱ्यावर काही लिहिलेले नव्हते. येथील व्यवस्थेचा खरा टोलनाका 'तुम्ही कोण?' या प्रश्नाचा आहे. तो पुढे १९०१ च्या टोलनाक्यावरून उठून हॉटेलच्या गल्ल्यावर, एस. टी.च्या बाकावर, भाड्याच्या खोलीच्या दारात येऊन बसला.

दुसरी हकिकत १९३४ ची. सुमारे तीस कार्यकर्ते बाबासाहेबांबरोबर वेरूळ पाहायला निघाले. एक बस आणि एक मोटार. वाटेत अडचणी नकोत म्हणून आपली ओळख न देता प्रवास करायचा, आणि ज्या ठिकाणी थांबायचे तिथल्याच आपल्या माणसांना आधी कळवायचे, असे त्यांनी ठरवले होते. निजामाच्या मुलखातली कितीतरी गावे गेली, कोणी भेटायला आले नाही, कारण कोणाला कळवलेलेच नव्हते. दौलताबादला आपले लोक वाट पाहत उभे होते. आधी चहा घ्या, मग किल्ला बघा, असा त्यांचा आग्रह. चहाची तर सर्वांनाच तलफ आलेली. पण अंधार पडण्याआधी किल्ला पाहून होईल की नाही या काळजीने चहा परतीवर ठेवला. किल्ल्याच्या दाराशी हौद होता. धुळीने भरलेले हातपाय त्यांनी त्यात धुतले, आणि हौद बाटवला म्हणून गलका झाला. शेवटी पाण्याला कोणी हात लावू नये म्हणून बरोबर हत्यारबंद शिपाई देऊन त्यांना किल्ला पाहू दिला गेला.

मुंबई कायदेमंडळाचा सभासद राहिलेला, गोलमेज परिषदेत बसलेला, परदेशातल्या दोन विद्यापीठांच्या पदव्या घेतलेला माणूस १९३४ मध्ये ओळख झाकून मोटारीने प्रवास करतो आणि चहा कुठे प्यायचा हे आधी कळवून ठरवतो! यानंतर वर्षभरातच, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, त्यांनी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली. येवले आमच्या नगर-मनमाड रस्त्यावरच आहे, कोपरगावच्या पुढे. दौलताबादच्या हौदामुळे येवले घडले असे मी म्हणणार नाही. नाशिकचा पाच वर्षांचा सत्याग्रह त्यामागे होता. पण ओळख झाकून किती दिवस प्रवास करायचा, हा प्रश्न दोन्ही ठिकाणी एकच होता.

मग आपली माणसे वाटेवर थांबत कुठे होती? तर आपल्याच माणसांकडे. प्रवासाला निघण्याआधी 'तिथं आपलं कोण?' हे पाहिले जाई. आमच्या जिल्ह्यात याला आणखी एक जोड होती. अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून नगरला होते आणि ख्रिस्ती झालेल्यांत महारांचा भरणा मोठा होता. वडाळ्यासारख्या ठिकाणी मिशनचे ठाणे होते. चर्चचे आवार, शाळेचा व्हरांडा, पास्टरचे घर. आमच्या घरातली जुनी माणसे ख्रिस्ती झाली नाहीत, पण वडाळ्याला पाणी मिळते हे त्यांना पाठ होते. नात्यातल्या ख्रिस्ती घरी भाकरीही मिळे. धर्म वेगळा झाला तरी चूल तुटली नव्हती. आंबेडकरी जलशांचाही हाच आधार. भीमराव कर्डकांसारखे जलसाकार गावोगाव फिरले ते महारवाड्यांच्या भरवशावर. ज्यांचे प्रबोधन करायचे त्यांच्याच घरची चटणी-भाकरी खाऊन. चळवळीच्या इतिहासात सभा आणि ठराव येतात. रात्री दहा माणसांना कोणी कोणी भाकरी घातली, हे येत नाही. त्या भाकरी थापणाऱ्या बायांची नावे तर कुठेच नाहीत.

रेल्वेने थोडा फरक पडला. दौंड-मनमाड रेल्वे १८७८ मध्ये सुरू झाली. डब्यात शेजारी कोण बसला हे विचारून गाडी थांबत नव्हती. स्टेशनवर मात्र हिंदू पाणी आणि मुसलमान पाणी वेगळे होते, आणि त्या दोन्हींत आपले पाणी कोणते, हा प्रश्न शिल्लकच होता.

माझ्या मते नगरच्या दलिताच्या प्रवासातली मोठी तारीख १ जून १९४८ ही आहे. त्या दिवशी राज्य परिवहनाची पहिली गाडी नगर-पुणे याच रस्त्यावर धावली. हा प्रसंग एस. टी.च्या वर्धापनदिनी साजरा होतो. चालक-वाहकांचा सत्कार होतो. त्याचा सामाजिक अर्थ कोणी सांगत नाही. त्यापूर्वी खासगी सर्व्हिस मोटारी होत्या. आज्याला त्यांत टपावर बसवत. आत जागा असली तरी. एस. टी.त तिकीट फाडले की माणूस आत बसला. कंडक्टर पैसे मोजून घेई, जात मोजत नसे. पुढे स्टँड बांधले गेले, स्टँडवर नळ आले, कँटीन आले. कँटीनचा परवाना सरकारचा. तिथे एकाच्या कपाला दुसऱ्याचा कप लागतो म्हणून मालकाने बोंब मारली तर परवाना जाण्याची भीती. १९५० च्या संविधानाच्या पंधराव्या कलमाने दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, रस्ते सर्वांना खुले केले. १९५५ च्या अस्पृश्यता कायद्याने मज्जाव करणे गुन्हा ठरवला. पण कलम प्रत्यक्ष हाताला लागले ते आधी स्टँडवरच्या कँटीनमध्ये, असे माझ्या घरचा अनुभव सांगतो. आमच्या गावच्या फाट्यावरच्या हॉटेलात तेव्हाही, आणि पुढे वडील १९७४ मध्ये ट्रकवर क्लीनर म्हणून लागले तेव्हाही, आमच्यासाठी कान तुटलेले दोन कप बाहेरच्या कोनाड्यात होते. पिऊन झाल्यावर ते स्वतः विसळून ठेवायचे. त्याच काळात बाबा आढाव 'एक गाव एक पाणवठा' घेऊन गावोगाव फिरत होते, हे लक्षात घेतले म्हणजे कायदा आणि कोनाडा किती काळ शेजारी शेजारी नांदले ते कळते.

वडिलांचा नकाशा इथून सुरू होतो. त्या रात्रीनंतर मी त्यांना बसवून विचारले. ते आढेवेढे घेत बोलले. त्यांचा पहिला नियम असा: गावाजवळ थांबायचे नाही. घरापासून पंधरा-वीस मैलांत सगळे ओळखतात. "नगर सोडलं की मी डायवर. नगरच्या अलीकडं मी कोनाचा तरी." ट्रक लांबच्या फेऱ्यांवर असला की ते निर्धास्त. पंजाबी ढाबा, मुसलमानाची खानावळ, मोठ्या शहरातला इराणी, ही त्यांची ठिकाणे. बाजेवर बसायचे, परात पुढे यायची. सरदारजी विचारायचा एवढेच, माल कुठून भरला आणि रस्ता कसा आहे. दुसरा नियम: डिझेल कुठेही घ्यावे. पंपावर यंत्र आहे, काटा आहे, कंपनीची पाटी आहे; हवा-पाणी फुकट देणे पंपवाल्याला बंधनकारक आहे. तिसरा नियम त्यांनी सांगितला नाही, आईने सांगितला: मालकाने नाव विचारले तर पहिलेच नाव सांगायचे.

अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी अशा नकाशाचे पुस्तक केले होते. न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या व्हिक्टर ह्युगो ग्रीन या पोस्टमनने १९३६ मध्ये ते काढले. मोटारीने जाणाऱ्या काळ्या माणसाला कोणत्या गावी खोली मिळेल, कुठे जेवण मिळेल, कुठल्या पंपावर पेट्रोल आणि संडासची किल्ली मिळेल, याची त्यात यादी असे. एस्सो कंपनीच्या पंपांवर ते विकत मिळे. युद्धाची काही वर्षे सोडता ते तीस वर्षे निघत राहिले. १९६४ मध्ये नागरी हक्कांचा कायदा झाला आणि पुढे दोन-तीन वर्षांत ते बंद पडले. दलित पँथरने १९७२ मध्ये ब्लॅक पँथरकडून नाव घेतले, तेव्हापासून आपण त्या लढ्याशी नाते सांगतो. पण हे पुस्तक आपल्याकडे का निघाले नाही, याचा विचार केला तर दोन समाजांतला फरक दिसतो. काळ्या माणसाला रंग झाकता येत नाही. त्याला अनोळखी गाव धोक्याचे, आणि आपल्या वस्तीत तो निर्धास्त. आपले उलटे. आपल्याला ओळखीचे गाव धोक्याचे आणि अनोळखी रस्ता मोकळा. त्याला छापील यादी लागली, आपल्याला लागले ते मौन. आणि मौनाची यादी छापता येत नाही. ग्रीनचे पुस्तक आज ग्रंथालयांत जपले आहे. वडिलांचा नकाशा वडिलांबरोबर जाईल.

हे सर्व जुने झाले, असे माझ्या भावाचे म्हणणे. त्याचा जन्म १९९२ चा. त्याला ओळख झाकणे मान्य नाही. नाव विचारले तर तो आडनावासकट सांगतो, आणि फोन वाजला तर गाडीभर भीमगीत ऐकू येते. तत्त्वाने तो बरोबर आहे. येवल्याची घोषणा आणि नागपूरची दीक्षा कशासाठी होती, जर आपण ढाब्यावर पहिले नाव सांगून गप्प बसणार असू? पण वडील वर्तमानपत्र वाचतात. मे २०१५ मध्ये शिर्डीत, आमच्याच जिल्ह्यात, लग्नाला आलेला एक दलित तरुण दुकानात थांबला असता मोबाईलवर वाजलेल्या बाबासाहेबांच्या गाण्यावरून वाद झाला आणि त्याचा खून झाला. तो नर्सिंगचा विद्यार्थी होता. ते कात्रण वडिलांनी जपून ठेवले आहे. आणि १ जानेवारी २०१८ ला आम्ही स्वतः या रस्त्यावर होतो. निळे झेंडे पाहून गाड्यांवर दगड आले. हॉटेलांची शटर खाली होती. मैलोन् मैल घोटभर पाणी मिळाले नाही. माझ्या भाचीला तेव्हा तिसरे वर्ष होते. तिच्यासाठी आईने जवळची बाटली झाकणाझाकणाने पुरवली. आता त्या दिवशी सरकार पाण्याचे टँकर लावते, मोफत बस सोडते, वाहतूक दुसरीकडे वळवते. बंदोबस्त चांगला असतो. तरी वडील आदल्या संध्याकाळीच निघतात आणि डबा घरून घेतात.

बायकांचा प्रश्न याहून वेगळा आहे, तो इथे थोडक्यात नोंदवते. पुरुष भाकरी बांधून घेईल, तहान मारील. संडास बांधून नेता येत नाही. आई सांगते, लग्नानंतर प्रवासाच्या आदल्या दिवसापासून ती पाणी कमी प्यायची. अजूनही पितेच. यावर कोणी इतिहास लिहील तेव्हा लिहील.

त्या रात्री सुप्याच्या पुढे आम्ही एका पंपावर थांबलो. संडासला कुलूप होते, किल्ली मागावी लागली. पंपावरच्या पोराने मागच्या काचेकडे पाहिले, मग आमच्याकडे. म्हणाला, "उद्या लई गर्दी आहे. गाडी अलीकडंच लावा." त्याच्या बोलण्याचा अर्थ वडील आणि भाऊ यांनी पुढचे पाच मैल दोन तऱ्हेने लावला. चहा मात्र राहिलाच होता. घोडनदीचा पूल ओलांडून शिरूर आले तेव्हा वडील म्हणाले, "स्टँडवर घे." कँटीन अजून उघडे होते. पाच चहा, दोन प्लेट भजी. भावाने भिंतीवरच्या चौकटीला मोबाईल लावून पैसे दिले. गल्ल्यावरचा फोन रक्कम मोठ्याने बोलला. वडिलांनी भावाला बाजूला घेऊन हळूच विचारले, "त्यात नाव दिसतं का त्यांना?"

"दिसतं. पूर्ण."

वडिलांनी मान हलवली. नंतर गाडीत बसताना त्यांनी माझ्या हातात दोनशेची नोट दिली आणि परतीच्या चहाला हीच मोडायची म्हणून बजावले.

मी वही केली आहे. नगर-पुणे आणि नगर-मनमाड हे दोन रस्ते त्यांच्या तोंडून उतरवून झाले. औरंगाबाद रस्ता अर्धा झाला आहे, सोलापूरचा राहिला आहे. ज्या विद्यार्थ्यांचे आजे, वडील ट्रकवर, एस. टी.वर, ऊसतोडीच्या गाड्यांवर होते त्यांनाही मी हेच काम दिले आहे. वाचकांपैकी कोणाच्या घरी असा माणूस असेल, तर तो बोलता आहे तोवर लिहून घ्यावे. गावाचे नाव, साल, आणि तिथे पाणी कोणी दिले एवढे असले तरी पुरे.